मिनिटाला किती शब्द? वाचनचाचण्या आखणाऱ्यांना एका शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मुलांची भाषा, वाचन आणि बुद्धी मोजणाऱ्या चाचण्या आखणारे तज्ज्ञ, संशोधक आणि त्या राबवणारे अधिकारी यांना,

सप्रेम नमस्कार.

दुसरी-तिसरीतल्या मुलांचं वाचन यंदाही ‘मिनिटाला किती शब्द’ या मापानेच मोजायचं आणि त्या आकड्यावरून शाळांची क्रमवारी लावायची, असं आमच्या शिक्षण परिषदेत सांगण्यात आलं. प्रश्नांना वेळ नव्हता, कारण पुढचा विषय पोषण आहाराच्या नोंदींचा होता. तिथे विचारता आले नाहीत ते प्रश्न इथे मांडते आहे. पत्र तुम्हाला लिहिलं असलं तरी पालकांनी आणि माझ्यासारख्या इतर शिक्षकांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे.

मी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. माझी स्वतःची बोली वऱ्हाडी. चाचणीच्या कागदावर मात्र आम्हा सगळ्यांची ‘प्रथम भाषा मराठी’. कोरकू ही मुंडा कुळातली, संताळी आणि मुंडारी यांच्या गोतातली भाषा. तिच्यात दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. मराठीसारखी तीन लिंगं मात्र नाहीत, भेद आहे तो सजीव आणि निर्जीव यांचा. हे व्याकरण सांगत बसले आहे, कारण चाचणीत मुलांचे गुण जातात ते नेमके इथेच.

आधी एक गैरसमज नको. चाचण्यांना माझा विरोध नाही. ‘प्रथम’ संस्थेने २००५ पासून ‘असर’च्या पाहणीत घरोघर जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट एवढ्या साध्या पायऱ्यांवर मुलांना वाचायला लावलं. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही, हे त्यामुळेच सगळ्यांना मान्य करावं लागलं. त्या कागदाने शिक्षकांची झोप उडवली आणि ते बरंच झालं. पण त्या चाचणीत घड्याळ नव्हतं. मूल अडखळत शब्दाला शब्द जोडतंय की सलग वाक्य वाचतंय, हे तपासणाऱ्याने कानाने ऐकायचं होतं.

घड्याळ आलं ते नंतर. केंद्राचं ‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असं त्यात लक्ष्य ठरलं. ‘अर्थासह’ हा शब्द मूळ लक्ष्यात आहे. वरून खाली येताना, जिल्हा, गट आणि शाळांचं समूह केंद्र असं करत तो कुठे गळाला कोण जाणे. आमच्यापर्यंत पोचला तो फक्त आकडा.

बरं, हा शब्द मोजायचा कसा? ‘घर’ हा एक शब्द आणि ‘घरासमोरच्याच’ हाही एकच शब्द. मराठीत विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं आणि वर ‘च’, ‘ही’ हे सगळं शब्दाला चिकटून येतं. हिंदीत हेच तुकडे बरेचदा सुटे लिहितात, म्हणजे तिथे शब्दांची संख्या आपोआप फुगते. दक्षिणेतल्या भाषांत शब्द आणखी लांब. एनसीईआरटीला, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला, हे ठाऊक नाही असं नाही. मार्च २०२२ मध्ये त्यांनी तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांची २० भाषांमध्ये, एकेका मुलाला समोर बसवून पाहणी केली आणि वाचनाचे निकष भाषेगणिक वेगळे लावले. इतकं मोठं काम करून जो फरक कागदावर आला, तो शाळेतल्या लक्ष्यात का उतरत नाही? मिनिटभर घड्याळ लावून मुलांचं वाचन तपासायची ‘एग्रा’ नावाची पद्धत २००६ पासून जगभर वापरली जाते. दोन भाषांची तुलना करायला किंवा शाळांना बक्षीस-शिक्षा द्यायला ती वापरू नये, हे तिच्या बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. आपण दोन्ही करतो.

लिपीचंही तेच. रोमन लिपीत सव्वीस अक्षरं आली की मुलाच्या हाती निदान साहित्य तरी येतं. देवनागरीत व्यंजनं आली, स्वर आले, बाराखडी आली, तरी पुढे जोडाक्षरं उभीच. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहायची मात्र आधी. ‘सूर्य’मधला र डोक्यावर, ‘प्रकाश’मधला पायाशी, ‘ट्रक’मधला आणखी वेगळ्या रूपात आणि आमच्या ‘वऱ्हाडा’तला चौथ्याच आकारात. ‘चमचा’तले दोन च वेगळे उच्चारायचे, पण लिहायचे सारखेच. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की आपल्याकडच्या अशा लिप्यांची अक्षरं पक्की व्हायला प्राथमिकची चौथी-पाचवीपर्यंतची वर्षं लागतात. कन्नडचं मराठीला जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण मग मराठीतल्या कुठल्या जोडाक्षराला साधारण कोणत्या इयत्तेपर्यंत वेळ द्यावा, हे शोधून ते शिक्षकांच्या हाती कोण देणार? उतारा निवडणारा माणूस त्यात ‘त्र’, ‘क्ष’, ‘म्ह’ किती आहेत हे मोजतो का? गेल्या वर्षीच्या दोन सत्रांतले उतारे मी शेजारी ठेवून पाहिले. एकात जोडाक्षरं नावाला होती आणि दुसऱ्यात प्रत्येक ओळीत. दुसऱ्या सत्रात वर्गाचा वेग घसरला आणि ‘अध्यापनात सुधारणा आवश्यक’ असा शेरा माझ्या नावापुढे लागला.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते. दुसरीतली एक मुलगी उताऱ्यावर बोट ठेवून वाचत होती. ‘आई बाजारात गेली’ हे तिने ‘आई बाजारात गेला’ असं वाचलं. पुढे ‘म्हणाली’शी थांबली, ‘म्ह’ जुळवला आणि ‘म्हणाला’ म्हणून पुढे गेली. नियमाप्रमाणे दोन्ही चुका. मिनिट संपलं तेव्हा उताऱ्याचा निम्माच भाग झाला होता. तपासायला आलेल्या साधनव्यक्तीने आकडा टिपला आणि पुढच्या मुलाला हाक मारली. ही मुलगी जागेवर गेली आणि मैत्रिणीला ती गोष्ट कोरकूत सांगू लागली: आई बाजारात गेली, पिशवी फाटली, कांदे सांडले, आणि आता घरी गेल्यावर आजी कशी ओरडेल. शेवटचं वाक्य उताऱ्यात नव्हतं, ते तिने स्वतः जोडलं होतं. वाचलेलं समजून त्यावर पुढचा विचार करणं याला आकलन म्हणतात ना? तिच्या नोंदीत आकलनाचा रकाना कोरा राहिला, कारण त्याचे प्रश्न मराठीत विचारायचे होते आणि उत्तरंही मराठीतच हवी होती.

ती ‘गेली’ला ‘गेला’ वाचते, यात वाचनाची चूक नाही. अक्षरं ओळखून तिने शब्द बरोबर पकडला आणि तो आपल्या तोंडच्या मराठीत बसवला. वाचनाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही अक्षर न ओळखणं आणि असं वाचणं यांतला फरक सांगता येईल. चाचणीला तो सांगता येत नाही. उलट जे मूल काहीही न समजता उतारा घडाघडा म्हणतं, ते ‘निपुण’ ठरतं. आणि अशी मुलं तयार करणं अवघड नाही. उतारा आदल्या दिवशी ग्रुपवर फिरतो, शिक्षक तो चार वेळा म्हणून घेतात, आकडे गोड होतात. शिक्षकाला दोष द्यायचा तर जरूर द्या, पण आकड्याला नोटीस जोडली की आकडा असाच वागणार.

वाचता येणं आणि कळणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे मराठीतच अभ्यासून झालं आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला तीन वर्षांचा अभ्यास कर्नाटकातल्या यादगीरला आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात झाला. मुलं पहिलीपासून तिसरीपर्यंत कशी वाचायला-लिहायला लागतात, हे त्यात वर्षानुवर्षं त्याच मुलांसोबत राहून पाहिलं. अक्षरं गिरवण्यात आणि नकलून काढण्यात वर्गाचा वेळ जातो, अर्थाकडे कुणी वळत नाही, हे त्यात स्पष्ट आलं आहे. असं संशोधन आम्हाला हवं आहे. त्यातून उद्या वर्गात काय बदलायचं ते कळतं.

आमच्याकडे बहुतेक वेळा येतं ते दुसऱ्या प्रकारचं. कुणाची एम.एड., कुणाची पीएच.डी., कुणाच्या संस्थेची पायाभूत पाहणी. सकाळी गाडी येते, चुणचुणीत दहा मुलं बाहेर काढली जातात, चित्रं दाखवली जातात, आवाज मोबाईलवर टिपले जातात, दुपारी गाडी जाते. पालकांना कुणी विचारत नाही, कारण पालक शेतावर असतात. काय निघालं ते परत सांगायला आजवर कुणी आलेलं नाही. एका प्रश्नावलीत तर ‘मुलाच्या घरी किती वर्तमानपत्रं येतात’ असा प्रश्न होता. आमच्या गावात एसटी दिवसातून एकदा येते, वर्तमानपत्राचं काय घेऊन बसलात.

सरकारी चाचण्यांचं म्हणाल तर ‘स्टार्स’ या सरकारी शिक्षणसुधारणा प्रकल्पातून नियतकालिक मूल्यांकन, म्हणजे ठरावीक काळाने घ्यायच्या चाचण्या, आल्या. पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. प्रश्नपत्रिका पूर्वीपेक्षा बऱ्या असतात, हे मान्य करते. पेपर तपासायचे, प्रत्येक मुलाचे प्रश्ननिहाय गुण ऑनलाइन भरायचे, नेटवर्क नसेल तर टेकडीवर जायचं. तेही करतो. त्यानंतर येतो तो रंगीत तक्ता: हिरव्या शाळा, पिवळ्या शाळा, लाल शाळा. कुठल्या मुलाला काय येत नाही आणि का येत नाही, हे त्यात नसतं. मी भरलेलीच माहिती रंग लावून मला परत मिळते. संकलित दोन साधारण एप्रिलमध्ये असते. त्याआधी होळी येते. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीला परततात आणि फगवा आटोपला की त्यातली बरीचशी पुन्हा निघतात, मुलांसकट. त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं आणि शाळेचा रंग बदलतो.

यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यात प्रत्येक मुलाच्या मातृभाषेचा रकाना आहे. आम्ही तो इमानदारीने भरतो. चाचणीच्या निकालाशी तो रकाना जोडून पाहिलेला एकही तक्ता माझ्यापर्यंत आलेला नाही. दोन्ही माहिती तुमच्याकडेच आहे. जोडायला फार तर एक दुपार लागेल.

आता बुद्धीच्या चाचण्यांकडे येते, कारण तिथे नुकसान आयुष्यभराचं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलाला तपासणीसाठी शहरात नेलं होतं. तोंडी हिशेबात तो पटाईत, बाजारात बापाला सुट्टे पैसे तोच मोजून देतो. पण वाचायला बसला की अक्षरं निसटतात. अध्ययन अक्षमता असावी असा माझा अंदाज होता. केंद्राच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत क्रम असा होता की आधी बुद्ध्यांक काढायचा आणि तो ८५ च्या वर असेल तरच अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या करायच्या. बुद्ध्यांकाचे प्रश्न मराठीत झाले. अर्थ सांगा, साम्य सांगा, असं झालं तर काय कराल. हा गप्प बसला. अहवाल आला तो ८५ च्या खालचा. पुढची चाचणीच झाली नाही, म्हणजे प्रमाणपत्र नाही आणि सवलत नाही. हातात राहिला तो ‘मंद’ हा शिक्का, आणि तो गावभर झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तपासणाऱ्या बाईंनी मुद्दाम काही केलं नाही. त्यांच्याकडे जी पेटी होती तीच त्यांनी उघडली. पण त्या पेटीत काय असतं, हे पालकांना कळायला हवं. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी बनवली ती ज्या मुलांना जास्तीची मदत लागेल ती शोधायला. डॉ. कामतांनी ती कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली १९३० च्या दशकात, आणि बिने-कामत अजून वापरात आहे. डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी रूपांतरित केली ती आपल्याच नागपुरात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. मोठी माणसं, मोठं काम. पण त्या काळच्या कन्नड-मराठी मुलांवरून काढलेली सरासरी आजच्या कोरकू मुलाला लावायची, हे त्यांनी सांगितलेलं नाही. शब्दांवर न चालणाऱ्या चाचण्या आहेत. भाटियांनी निरक्षरांनाही देता येईल अशी ठोकळ्यांची आणि आकृत्यांची चाचणी १९५० च्या दशकातच केली होती. आणि मनात आणलं तर नवं करता येतं, हेही दिसलं आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची चाचणी केली, तेव्हा हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीचाही पहिल्यापासून विचार केला. महाराष्ट्राने तर १९९६ मध्येच, देशात सर्वांत आधी, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. त्या सवलतीपर्यंत मुंबई-पुण्याचं मूल पोचतं, धारणीचं पोचत नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असं सांगतं. शिकवणं दूर राहिलं, निदान मोजताना तरी मातृभाषा आठवावी, एवढंच म्हणणं आहे. म्हणून या मागण्या:

एक, वाचनवेगावरून शाळांची आणि शिक्षकांची क्रमवारी लावणं याच वर्षीपासून बंद करा. वेग मोजायचा तर मोजा, पण तो शिक्षकाच्या वहीत राहू द्या.

दोन, प्रत्येक चाचणीसोबत तिची माहिती मराठीत, चार पानांत, जाहीर करा. ती कुठल्या मुलांवर आधी करून पाहिली, त्यांत घरी मराठी न बोलणारी मुलं किती होती, तेच मूल दुसरा उतारा वाचेल तर गुणांत किती फरक पडेल, जोडाक्षरं किती आहेत, हे सगळं त्यात यावं. हे सांगता येत नसेल तर ती चाचणी अजून तयार झालेली नाही.

तीन, आकलन मुलाला घरच्या भाषेत सांगू द्या आणि ते ग्राह्य धरा. ऐकायला कोरकू, गोंडी, पावरी, वारली जाणणारं माणूस लागेल. ते गावातच मिळतं, अंगणवाडीताईंना विचारा. आणि ‘गेली’चं ‘गेला’ झालं तर ते वेगळ्या खुणेने नोंदवा, चुकांत मोजू नका.

चार, निकाल मातृभाषेच्या रकान्याशी जोडून जाहीर करा, मुलांची नावं वगळून. आणि शिक्षकाला रंग देऊ नका, मुलागणिक तपशील द्या.

पाच, मराठी घरची भाषा नसलेल्या मुलाला केवळ मराठीतून काढलेल्या बुद्ध्यांकावरून कुठलंही प्रमाणपत्र देऊ नये आणि नाकारूही नये. आधी निःशब्द चाचणी घ्यावी आणि दुभाषी सोबत असावा. पूर्वी असे अहवाल दिले गेले त्या मुलांची फेरतपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी नको, तालुक्यात करा. दिवसाची मजुरी बुडवून अमरावतीला जाणं सगळ्या आईबापांना परवडत नाही.

सहा, संशोधकांनी पालकांना त्यांच्या भाषेत समजावून परवानगी घ्यावी आणि जे निघेल ते शाळेत येऊन सांगावं. आवाज टिपायचा असेल तर तो कुठे जाणार, तेही. आता वाचन मोबाईलच ऐकून मोजणार असं कानावर येतं. त्या मोबाईलने आमच्या मुलांचं मराठी आधी ऐकलं आहे का, एवढं विचारून ठेवते.

यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला नवा निधी लागत नाही. पाचवीला लागेल आणि तो द्यावा.

पुढच्या पायाभूत चाचणीचे उतारे छापायला जाण्याआधी ते घेऊन धारणी-चिखलदऱ्यातल्या चार-पाच शाळांत या, मुलांसमोर ठेवा आणि स्वतः ऐका. राहण्याजेवण्याची सोय आम्ही करू. होळीचा आठवडा तेवढा टाळा, त्या दिवसांत शाळेत कुणी सापडणार नाही. उत्तर मला एकटीला पाठवू नका, जाहीर द्या, म्हणजे नंदुरबार आणि गडचिरोलीतल्या शिक्षकांनाही ते वाचता येईल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
धारणी तालुका, जि. अमरावती